पटवून देणाऱ्या निबंधाची मांडणी कशी करावी?

महाविद्यालयातील स्पर्धेसाठी ‘पावसाळी मासेमारी बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी’ हे पटवून देणारा निबंध तुम्हांला लिहायचा आहे आणि मुद्दे भरपूर असूनही जुळवणी होत नाही, असे तुम्ही म्हणता. रत्नागिरीत मराठी शिकवताना मला असे निबंध बरेच तपासावे लागतात. त्यांतले बहुतेक, ज्यांना विषय आधीच पटलेला आहे त्यांच्यासाठीच लिहिलेले असतात.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे, ओढणाऱ्याला तुमचे म्हणणे पटवावे लागणार नाही. पटवायचे आहे ते ट्रॉलरमालकाला, ज्याची बोट जून-जुलै बंदरात उभी असते पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून कच्च्या आराखड्यात सर्वांत वर त्याचा सर्वांत अवघड प्रश्न लिहा: गोव्यातली बंदीही 31 जुलैलाच उठते, मग आम्ही थांबायचे आणि मासळी त्यांनी न्यायची का? राज्याचा कायदा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच चालतो, हेही तो ऐकवील. याला उत्तर शोधू लागलात की तुमची मागणीच बदलते. ती एकट्या महाराष्ट्रापुरती न राहता पश्चिम किनाऱ्यावरील सर्व राज्यांनी एकाच दिवशी बंदी उठवावी, अशी करावी लागते. नारळी पौर्णिमेचेही तसेच. 2020 मध्ये ती 3 ऑगस्टला आली, 2023 मध्ये 30 ऑगस्टला. तेव्हा मुदत तिथीवर न ठेवता एखादी ठरावीक तारीख सुचवलेली बरी. परंपरेचा मुद्दा मग एका वाक्यात आटोपता येतो, आणि खरे सांगायचे तर तेवढाच तो पेलतो.

मागणी पक्की झाल्यावर बाकीच्या मुद्द्यांचा क्रम त्या ट्रॉलरमालकाच्या बाजूने लावा. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र खवळलेला असतो आणि जीव खलाशांचा जातो, हे त्याला सर्वांत आधी कळेल. ते पहिल्या परिच्छेदात घ्या. पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम असतो हा मुद्दा त्यानंतर, पण नुसते ‘मत्स्यसंपदेचे रक्षण’ असे न लिहिता, लहान मासळी लवकर पकडली गेली तर पुढे लिलावात मोठी मासळी कुठून येणार, असा मांडा. हप्त्याची अडचण मात्र टाळू नका; वाढीव दिवसांसाठी कर्जफेडीत सवलत मागा आणि तो परिच्छेद शेवटी ठेवा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण तोवर मूळ विषयवाक्य बदललेले असेल.