कोउपाक: उमरावाच्या डोक्यावरून गाडीच्या चाकावर

प्रश्न असा आहे: पोलिश उमरावांच्या जुन्या चित्रांच्या माहितीत ‘कोल्पाक’ नावाची टोपी येते, तर आजच्या पोलिश कोशात त्याच शब्दापुढे मोटारीच्या चाकाचा उल्लेख आहे. हे दोन शब्द की एकच? आणि क्रिकेटमधल्या ‘कोल्पॅक’ खेळाडूंशी याचं काही नातं?

शब्द एकच, आणि नातंही आहे.

आधी उच्चार. पोलिशमध्ये काट मारलेला ‘ल’ असतो, तो हल्ली ‘ल’सारखा उच्चारत नाहीत, ‘व’कडे झुकतो. म्हणून पोलिश माणूस ‘कोउपाक’ म्हणतो. युक्रेनियनमध्ये तर सरळ ‘कोव्हपाक’च आहे. दुसऱ्या महायुद्धातला प्रसिद्ध गनिमी सेनानी सिदिर कोव्हपाक याच्या आडनावात हीच टोपी आहे.

मूळ शब्द तुर्की: कल्पाक. (आपल्या ‘कल्पक’शी संबंध जोडायचा मोह होईल, तो आवरावा.) हा शब्द तुर्की भाषांच्या सगळ्या पट्ट्यात पसरलेला आहे. किरगिझ लोकांची पांढऱ्या नमद्याची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) टोपी म्हणजे ‘आक-कल्पाक’. उझबेकिस्तानातल्या काराकल्पाक लोकांच्या नावाचा अर्थच ‘काळ्या टोपीवाले’. खुद्द तुर्कस्तानात १९१९ नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धात मुस्तफा केमाल आणि त्याचे सहकारी फरची कल्पाक घालत. पुढे १९२५च्या कायद्याने काठाची युरोपीय हॅट आली. स्लाव भाषांनी शब्द घेतला तेव्हा पहिल्या ‘अ’चा ‘ओ’ झाला. रशियनमध्येही ‘कोल’च आहे. हंगेरियनने मात्र ‘अ’ राखला: ‘कल्पग’.

सोळाव्या-सतराव्या शतकात पोलिश उमरावांचा पोशाख चांगलाच पूर्वेकडे झुकलेला होता. तुर्कांशी लढायचं आणि कपडे त्यांच्या धाटणीचे शिवायचे, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. त्यांची कोउपाक म्हणजे उंच, बिनकाठाची, फरची किंवा फरची पट्टी लावलेली टोपी. समारंभाला पुढे रत्नजडित पदक आणि त्यात बगळ्याची पिसं. आपल्याकडच्या शिरपेच-तुऱ्याच्या थाटाची. रोजच्या साध्या टोपीला पोलिशमध्ये ‘चापका’ म्हणतात, ती वेगळी.

मग चाक कुठून आलं? वरून बसवायची, झाकणारी वस्तू, एवढाच अर्थ उरला की शब्द कुठेही जातो. मराठीत ‘टोपी’च्याच घरातलं ‘टोपण’ पेनावर बसलं, तसंच हे. रशियन ‘कल्पाक’ (लिहिताना ‘को’, बोलताना ‘क’) दिव्यावरचं झाकणही आहे आणि विदूषकाची टोपीही. ‘कल्पाकखाली असणं’ म्हणजे पाळतीखाली असणं. पोलंडमध्ये आज गॅरेजात ‘कोउपाक’ मागितलीत तर व्हीलकॅपच मिळेल. उमरावाची टोपी हवी असेल तर वस्तुसंग्रहालय गाठावं लागेल.

आता क्रिकेट. मारोश कोल्पाक हा स्लोव्हाक हँडबॉल गोलकीपर जर्मनीतल्या एका क्लबकडून खेळे. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवरच्या मर्यादेविरुद्ध तो न्यायालयात गेला आणि २००३ मध्ये युरोपीय न्यायालयात जिंकला. युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांच्या खेळाडूंना परदेशी न गणले जाता तिथे खेळायची वाट खुली झाली. दक्षिण आफ्रिका त्यातलीच. २००४ मध्ये तिथला क्लॉड हेंडरसन इंग्लंडच्या लीस्टरशायर कौंटीकडून पहिला ‘कोल्पॅक’ क्रिकेटपटू झाला, नंतर काइल अ‍ॅबट, मॉर्ने मॉर्केल वगैरे गेले. ब्रेक्झिटमुळे २०२०च्या अखेरीस ही सोय संपली. त्यातल्या किती जणांना आपण एका तुर्की टोपीच्या नावाने ओळखले जातोय हे माहीत होतं, कोण जाणे.