लहान मुलांच्या लशी कायद्याने सक्तीच्या कराव्यात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मूल आईवडिलांचं, मग लस द्यायची की नाही हे सरकारने का ठरवावं? आणि लस खरंच काम करत असेल, तर लस घेतलेल्या मुलाला न घेतलेल्याची भीती कशाला? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातूनच निघतं.

गोवराचं उदाहरण घ्या. आसपास कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. तो खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. शिवाय पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल आजार पसरवत असतं, त्यामुळे ‘आजारी मुलाला घरी ठेवा’ हा सल्ला इथे उशिराच पोचतो. लशीचे दोन डोस झालेल्या १०० मुलांपैकी साधारण ९७ जणांना संरक्षण मिळतं, तिघांना नाही.

आता ५०० मुलांची शाळा धरा. ९५ टक्के लसीकरण म्हणजे ४७५ मुलांचे दोन्ही डोस झालेले. त्यांतली सुमारे १४ लस घेऊनही उघडी (म्हणजे संरक्षण नसलेली), आणि २५ न घेतलेली. एकूण ३९. हेच लसीकरण ८५ टक्क्यांवर आलं की उघडी मुलं होतात ८८. लसीकरण घसरलं दहा टक्क्यांनी, पण वणव्याला सरपण मिळालं दुपटीहून जास्त. आणि ही न घेतलेली मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. ती एकाच शाळेत, एकाच वस्तीत गोळा झालेली असतात. म्हणून जिल्ह्याची सरासरी ९५ असूनही एखाद्या शाळेत साथ भडकते.

(जाता जाता: अशा ९५ टक्क्यांच्या शाळेत ही सगळी ३९ मुलं आजारी पडली तर ‘३६ टक्के रुग्णांनी लस घेतली होती’ अशी बातमी होईल आणि ती खोटीही नसेल. पण ते ४७५ पैकी १४ आहेत, आणि उरलेले २५ पैकी २५.)

त्या १४ जणांखेरीज आणखी काही जणांना पर्यायच नसतो. अगदी तान्ह्या बाळांना ही लस देत नाहीत, कारण आईकडून बाळाच्या रक्तात आलेली प्रतिपिंडं (आजाराशी लढणारी प्रथिनं) लशीला निष्प्रभ करतात. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या सुमाराला पडतो. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलालाही ही जिवंत (म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूची) लस देता येत नाही. आईवडिलांचा हक्क मोठा आहे, पण इथे तो दुसऱ्याच्या बाळाच्या श्वासाशी येऊन भिडतो. माझ्या मते सक्तीचा आधार एवढाच आहे, आणि त्यामुळेच तो सगळ्या लशींना सारखा लागू होत नाही.

धनुर्वात बघा. तो मातीतल्या जंतूंमुळे होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. तिथे ‘शेजाऱ्याचं मूल’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. उरतो तो त्या मुलाच्या स्वतःच्या हक्काचा मुद्दा, आणि तो वेगळा मांडायला हवा. (बहुतेक ठिकाणी ही लस घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लशीत मिसळूनच येते, त्यामुळे हा वाद कागदावरच राहतो.) बीसीजी तान्ह्यांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण क्षयाचा फैलाव फारसा थांबवत नाही. म्हणून माझी सक्तीची यादी छोटी आहे: गोवर, रुबेला, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला. बाकीच्या लशी मोफत द्याव्यात, आग्रहाने द्याव्यात, पण दंडुका नको.

सक्ती म्हणजे मुलाला धरून टोचणं नव्हे. ती करायची कुठे, तर शाळेच्या आणि पाळणाघराच्या दारात: लसीकरणाचं कार्ड दाखवा, प्रवेश घ्या. जन्मदाखला, रेशन, दवाखान्यातले उपचार यांना हात लावू नये. ते अडवले की घरची माणसं यंत्रणेपासूनच लपतात, आणि मग त्या मुलांची नोंदही राहत नाही. शाळेच्या दाराची मर्यादाही मान्य करायला हवी. डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो पहिल्या काही महिन्यांत. रोटाव्हायरसच्या (तान्ह्यांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लशीचा उपयोगही तान्हेपणीच. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं कार्ड तपासून त्यातलं काहीच परत मिळत नाही. त्या वयासाठी पाळणाघर, फोनवरची आठवण आणि गरोदरपणी आईला द्यायची डांग्या खोकल्याची लस हेच मार्ग आहेत.

दारात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अर्धवट कार्डांमुळे. राहिलेल्या डोससाठी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे न्यायची. गोवराच्या दोन डोसांत किमान चार आठवडे जाऊ द्यायचे. अशा मुलाला परत पाठवू नये. तात्पुरता प्रवेश द्यावा आणि पुढच्या डोसची तारीख हातात द्यावी. कार्ड हरवलं आणि नोंद कुठेच सापडत नसेल तर डोस पुन्हा द्यावा. ज्याला आधीच प्रतिकारशक्ती आहे त्याला गोवराची लस पुन्हा दिल्याने अपाय होत नाही.

दंडाचा इतिहास वाचण्यासारखा आहे. इंग्लंडने १८५३ साली देवीची लस बाळांना सक्तीची केली आणि १८६७ पासून एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करायला सुरुवात केली. दंड न भरणाऱ्या गरिबांच्या घरातलं सामान जप्त व्हायचं, क्वचित तुरुंगही. श्रीमंत दंड भरून मोकळे. १८८५ मध्ये लेस्टर शहरात याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला, आणि १८९८ मध्ये सरकारला सदसद्विवेकाच्या आधारे सूट द्यावी लागली. लस चांगली होती, दंडाची रीत वाईट. उलट चेक प्रजासत्ताकात दंड एकदाच होतो आणि बालवाडीचा प्रवेश अडतो, टोचणी बळजबरीने होत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ही पद्धत वैध ठरवली.

सवलतीत कायदा हमखास गळतो. वैद्यकीय सूट हवीच: आधीच्या डोसनंतर किंवा लशीतल्या घटकाने तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असणं (ही सूट तात्पुरती). साधी सर्दी, किरकोळ ताप, अंड्याची ॲलर्जी किंवा घरात कुणी गरोदर असणं ही गोवराची लस टाळायची कारणं नव्हेत, तरी चिठ्ठ्यांवर तीच दिसतात. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून शाळेसाठी वैयक्तिक मताची सूट बंद केली. लगेच वैद्यकीय सवलतीच्या चिठ्ठ्या वाढल्या, आणि २०१९ मध्ये त्या चिठ्ठ्या तपासायचा दुसरा कायदा करावा लागला: वर्षाला पाच किंवा त्याहून जास्त सवलती देणारा डॉक्टर आणि ९५ टक्क्यांखालची शाळा, दोघांवर नजर.

मताची सूट ठेवायचीच असेल तर ती मिळवायला लस घेण्याइतकेच कष्ट पडले पाहिजेत. केंद्रावर या, समजावणं ऐका, दरवर्षी नव्याने सही करा. अर्जावरच्या नुसत्या एका खुणेवर सूट मिळू लागली की वेळ नसलेले पालकही तीच खूण करतात. सूट घेतलेल्या मुलाला साथीत घरी राहावं लागेल हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं. गोवरासाठी शाळेतल्या शेवटच्या रुग्णाला पुरळ उठल्यापासून २१ दिवस. संपर्कानंतर ७२ तासांत लस घेतली तर तीही बऱ्याचदा आजार टाळते, म्हणजे तो दरवाजा उघडा राहतोच.

आता सरकारची बाजू, जी सक्तीचे समर्थक घाईने ओलांडतात. लस मोफत, जवळ आणि पालकांच्या सोयीच्या वेळेला मिळाली पाहिजे. साठा संपला असेल तर त्या काळात नियम आपोआप स्थगित. शीतसाखळी (लस बनल्यापासून टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था) २ ते ८ अंश सेल्सिअसची, आणि यात लोक उन्हालाच घाबरतात. डांग्या खोकला–घटसर्प आणि हिपॅटायटिस बी या लशी गोठल्या की वाया जातात, आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकलेली कुपी वरून ठीकच दिसते. गोवराच्या लशीची पूड द्रावणात मिसळल्यावर सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये हे पाळलं गेलं नाही. एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लस थंड ठेवली नाही आणि १५ मुलं दगावली. दोष लशीचा नव्हता, पण मुलं गेली ती लसीकरणातच.

खरे दुष्परिणामही आहेत, आणि ते छापून द्यावेत. गोवर-गालगुंड-रुबेला लशीनंतर तापातली आकडी साधारण ३ ते ४ हजार डोसांमागे एकाला येते, बहुधा काही कायमचं मागे न ठेवता. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एक, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ थांबवतात. सरकार सक्ती करणार असेल तर त्या एकाची भरपाई सरकारनेच, चूक कुणाची हे सिद्ध करायला न लावता द्यायला हवी. जर्मनीत अशी सोय १९६१ पासून आहे, अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने झाली. भरपाईची तरतूद नसलेल्या सक्तीला मी पाठिंबा देणार नाही.

मग कायदा सगळीकडेच हवा का? नाही. स्वीडनमध्ये सक्ती नाही, तरी गोवराच्या पहिल्या डोसचं प्रमाण वर्षानुवर्षं ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहिलं आहे, कारण बालआरोग्य केंद्रात जवळपास प्रत्येक बाळ येतं. तेव्हा कायद्याचा मसुदा लिहायच्या आधी आकडे उघडून बघावेत. पहिला डोस ९६ टक्के आणि दुसरा ८२ असेल, तर पालकांचा नकार नाही, ते मध्येच गळताहेत: तारीख विसरली, केंद्र लांब, मागच्या वेळी परत पाठवलं. तिथे आठवण, संध्याकाळची वेळ आणि पुरेसा साठा कामाला येतो. पहिलाच डोस काही ठरावीक शाळांत ७०-८० टक्क्यांवर अडलाय, साठा आहे, केंद्र शेजारी आहे, समजावून झालंय, तर तिथे शाळेच्या दारातला नियम लावावा.