१ ऑगस्टचा दिनविशेष, आणि त्यातला १९२० चा रविवार

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी सातवीत आहे, १ ऑगस्टच्या परिपाठात दिनविशेष सांगण्याची पाळी तिची आहे, तर टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती सोडून त्या तारखेला आणखी काय घडलं, कोण जन्मलं?

आणखी पुष्कळ आहे, सांगतो. पण ते दोघे 'सोडून' कशाला? शाळेत शिकवत असल्यामुळे १ ऑगस्टचा कार्यक्रम मी दरवर्षी बघतो. एका टेबलावर दोन तसबिरी, दोन हार, एक नारळ. एक मुलगा शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतो, एक मुलगी दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट सांगते, आणि शेवटी कोणीतरी शिक्षक उठून 'एक सूर्य मावळला, त्याच दिवशी दुसरा उगवला' असं म्हणतात. टाळ्या होतात. हे दोघे एकमेकांशेजारी का आहेत हे मात्र कोणीच बोलत नाही. तारीख जुळली एवढंच कारण असेल, तर कॅलेंडरचा छापील चौकोन वाचून दाखवला तरी पुरे.

दिनविशेषाच्या यादीत एरवी वेगवेगळ्या शतकांतली माणसं एका ओळीत बसलेली असतात, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. १ ऑगस्टला तसं नाही. इथे वर्षही तेच आहे. १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी टिळक गेले, अण्णाभाऊ जन्मले आणि गांधीजींचा असहकार सुरू झाला. वार रविवार होता.

टिळक कोर्टाच्या कामासाठी जुलैमध्ये मुंबईला आले होते आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले होते. २३ जुलैला त्यांना ६४ वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर ताप वाढला, न्यूमोनिया झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी प्राण सोडला. म्हणून इंग्रजी तारीख १ ऑगस्ट लागली. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्या आपल्या जुन्या हिशेबात ती अजून शनिवारचीच रात्र होती. (मुलीला हे सांगायला सांगा, वर्गातल्या हुशार पोरांना असलं आवडतं.) अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीवर गेली. एरवी तिथे दहन होत नसे, त्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. भर पावसात लाखो लोक जमले. रविवारची सुटी गिरणी कामगारांना मिळाली होती ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने, १८९० पासून. त्या रविवारी गिरणगावातली माणसं मोठ्या संख्येने चौपाटीकडे गेली. पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, खिलाफत चळवळीचे नेते शौकत अली होते.

गिरणी कामगारांचं आणि टिळकांचं नातं त्याच्या बारा वर्षं आधीचं. २२ जुलै १९०८ ला टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. लगेच मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, आणि हा संप सहा दिवस चालला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस असा. लष्कर बोलवावं लागलं, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या संपाची दखल तेव्हा युरोपात राहणाऱ्या लेनिननेही आपल्या लेखात घेतली. हिंदुस्थानातला कामगार राजकीय लढ्याला तयार झाला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता अण्णाभाऊंकडे या. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, मातंग घर. पाळण्यातलं नाव तुकाराम. लहानपणीच बापाबरोबर पायी चालत मुंबईला आले आणि हमाली, मजुरी, पुढे गिरणीतलं काम करत वाढले. शाळा जवळजवळ नाहीच. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रकं वाचत. कम्युनिस्ट पक्षात गेले, १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि परळ-लालबागच्या मैदानांत, चाळींच्या चौकांत डफावर थाप पडली की गर्दी हलायची नाही. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले, त्याच लेनिनच्या देशात. म्हणजे १९०८ साली ज्या गिरणगावाने टिळकांसाठी भोंगे थांबवले, त्याच गिरणगावाने पुढे अण्णाभाऊंना घडवलं. दोन तसबिरींना जोडणारा धागा हा आहे, आणि तो मुंबईतल्या सुतासारखाच गिरणीतून निघालेला आहे.

दोघांची मतं जुळती असती असं मात्र मुलीला सांगू देऊ नका. वेदोक्ताच्या वादात (शाहू महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही, हा तो वाद) टिळक महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे होते, आणि जातीच्या प्रश्नावर त्यांची भूमिका जुन्या वळणाची होती. अण्णाभाऊंचं सगळं लेखन ज्यांच्याबद्दल आहे, त्या गावकुसाबाहेरच्या माणसांना टिळकांच्या राजकारणात जागा फार थोडी होती. सातवीच्या मुलांना एवढं सरळ सांगितलं तर चालतं. ती आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतात.

गांधीजींनी असहकारासाठी १ ऑगस्ट ही तारीख आधीच ठरवलेली होती. टिळकांच्या मृत्यूमुळे ती ठरली नाही, हा गोंधळ अनेक ठिकाणी दिसतो. त्या दिवशी त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्डला पत्र लिहून सरकारने दिलेली पदकं परत केली: कैसर-ए-हिंद, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातलं व झुलू मोहिमेतलं. काँग्रेसने असहकाराला मान्यता दिली ती नंतर, सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात, आणि शिक्कामोर्तब डिसेंबरमध्ये नागपूरला. पुढच्या वर्षी या चळवळीसाठी एक कोटी रुपयांचा निधी गोळा झाला, त्याला नाव दिलं टिळक स्वराज्य फंड.

आता तुमचं 'आणखी'.

१ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. सुमारे आठ लाख माणसं कागदावर मोकळी झाली. कागदावर म्हणतो, कारण सहा वर्षांवरच्या सगळ्यांना 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या, नावाखाली जुन्याच मालकाकडे राबवलं गेलं, ते थांबलं १८३८ च्या १ ऑगस्टला. दोन कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. कंपनी सरकारच्या ताब्यातला हिंदुस्थान या कायद्यातून वगळला होता. इथला कायदा १८४३ चा. आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले तेव्हा इथून करारावर माणसं नेली गेली. मॉरिशसला कोकणातली कुटुंबं गेली ती अशीच. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते.

याच तारखेची दुसरी कडी मला फार आवडते. बार्बाडोस बेटावर १ ऑगस्ट हा गुलामीतून सुटकेचा दिवस म्हणून पाळतात, आणि १९२४ साली त्याच तारखेला त्याच बेटावर क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल जन्मला. वेस्ट इंडिजचं कर्णधारपद तोवर गोऱ्या खेळाडूंकडेच जायचं. पूर्ण मालिकेसाठी नेमला गेलेला पहिला काळा कर्णधार वॉरेल, १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागून कवटी फुटली, तेव्हा रक्त द्यायला पुढे आला तो प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल. आपल्या संघातले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले. वॉरेल मात्र १९६७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला, वय अवघं ४२.

१ ऑगस्ट १९४४, संध्याकाळी पाच वाजता पोलंडची राजधानी वॉर्सा जर्मन सैन्याविरुद्ध उठलं. उठाव ६३ दिवस टिकला आणि चिरडला गेला. अजूनही दरवर्षी त्या वेळेला तिथे भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं जागच्या जागी उभी राहतात. तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर मुलीला एक गोष्ट जरूर जोडायला सांगा: त्या वेळी कोल्हापूरशेजारी वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेले सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथे राहिले.

बाकीचं झरझर सांगतो. १७७४ मध्ये जोसेफ प्रिस्टलीने याच तारखेला भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघणारा वायू गोळा केला. तो ऑक्सिजन. विज्ञानाच्या बाईंना खूश करायचं असेल तर हे ठेवा. १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. जन्म: शास्त्रज्ञ लामार्क १७४४, गिरणी कामगाराचा मुलगा आणि पडद्यावरचा अफलातून नाचरा भगवानदादा १९१३, मीनाकुमारी १९३३. शिवाय आपल्या राज्यात हा महसूल दिन. तलाठ्याच्या दप्तराचं वर्ष ३१ जुलैला संपतं आणि १ ऑगस्टला नवं सुरू होतं, म्हणून.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जन्मतारखांच्या याद्या जपून वापरा. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तर फारच. मागच्या पिढ्यांतल्या कित्येकांची शाळेतली जन्मतारीख १ जून असते. पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख आठवत नसे आणि गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. पुढे तीच नोकरीच्या कागदांवर चढे.

परिपाठात साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात १९२० चा रविवार आणि वॉरेल, दोन्ही नीट बसतात. वेळ कमी पडला तर महसूल दिन खुशाल गाळा. मुख्याध्यापक तलाठ्याचे भाऊ नसतील तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.