नाव न घालता तक्रार केली, तर मी भित्री ठरते का?

शाळेत काहीतरी चुकीचे घडताना दिसते, ते वरिष्ठांपर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते, पण आपले नाव फुटले तर काय होईल या धास्तीने झोप उडते, असे सांगणारे अनेक शिक्षक समुपदेशनासाठी येतात. त्यांपैकी एका शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे. शीर्षकातला प्रश्न त्यांनी पहिल्याच भेटीत विचारला होता.

त्या एका सरकारी शाळेत बरीच वर्षे शिकवत होत्या. नवे मुख्याध्यापक आल्यापासून कारभार ढासळत गेला होता. शिक्षक रजेवर असला की दोन तुकड्या एकाच वर्गात बसवल्या जात, तपासणीच्या आदल्या दिवशी मागच्या कित्येक दिवसांची हजेरी एका बैठकीत भरली जाई, आणि सभेत कोणी शंका काढली की पुढच्या आठवड्यापासून त्याच्या वाट्याला जादा तास येत. मैदानावर पडून एका मुलाच्या हाताला दुखापत झाली, तेव्हा पालकांना कळवायला दुपार उलटली आणि त्या घटनेची नोंद कुठेच झाली नाही. त्यानंतर बाईंना रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येऊ लागला, आणि ज्या वर्गात त्या रमून जात असत त्याच वर्गात पाऊल टाकताना त्यांना अपराधी वाटू लागले.

योग्य काय ते कळते, पण यंत्रणेच्या अडथळ्यांमुळे ते करता येत नाही, अशा वेळी होणाऱ्या घुसमटीला नैतिक क्लेश म्हणतात. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये ही कल्पना परिचारिकांच्या संदर्भात मांडली होती, आणि शिक्षकांनाही ती तंतोतंत लागू पडते असे माझे मत आहे. ज्याला काहीच वाटत नाही त्याला हा त्रास होत नाही, हे मी बाईंना आवर्जून सांगितले. ज्या व्यक्तीच्या हाती आपले वेळापत्रक, रजा आणि कामाचे मूल्यमापन आहे, तिच्याविरुद्ध बोलताना भीती वाटणे हा भित्रेपणा नसून परिस्थितीचा अचूक अंदाज आहे. नाव झाकणे गैर आहे की नाही, हे पत्रात काय लिहिले आहे आणि ते कशासाठी लिहिले आहे यावरून ठरते.

पुढच्या भेटीला त्या मसुदा घेऊन आल्या. कित्येक पानांच्या त्या पत्रात मुख्याध्यापकांचा स्वभाव, त्यांचे टोमणे, त्यांनी सर्वांसमोर केलेला अपमान असे सारे होते, आणि मुलाच्या दुखापतीला मात्र जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या. ते पत्र फाडू नका, पण पाठवूही नका, असे मी सुचवले. मनाला लागलेल्या गोष्टी सलग काही दिवस थोडा वेळ लिहून काढल्याने काही जणांना मोकळे वाटते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे लेखन अभ्यासले गेले आहे. त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, तरी बाईंना त्याचा उपयोग झाला. ते लेखन त्यांच्या दुखावलेल्या मनाचे होते आणि त्याला पूर्ण जागा मिळायला हवी होती, मात्र वरिष्ठांच्या टेबलावर नव्हे.

तक्रारीचे पत्र आम्ही नव्याने लिहायला घेतले. “मुख्याध्यापक मनमानी करतात” हे वाक्य वाचून अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. त्याऐवजी कोणत्या इयत्तेच्या कोणत्या तुकड्या किती काळ एकत्र बसवल्या गेल्या आणि ते कोणत्या नोंदवहीत पडताळता येईल, असे लिहिले तर पत्र कोणी लिहिले हा प्रश्न आपोआप मागे पडतो. निनावी पत्राला लिहिणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा आधार नसतो, म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे तपासता आला पाहिजे. ऐकीव गोष्टी आम्ही गाळल्या. प्रामाणिक माणसाच्या हातूनही निनावी पत्रातून कोणावर अन्याय होऊ शकतो, आणि समोरच्याला तर आरोप करणाऱ्याला प्रश्नही विचारता येत नाही, म्हणून ही काळजी मला फार महत्त्वाची वाटते.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे मात्र होत नाही. मसुद्यात एक संवाद जसाच्या तसा उतरवला होता, आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत केवळ दोघांत झाला होता. “मुळात प्रश्न असा आहे” ही बाईंची सवयीची सुरुवात पत्रात ठिकठिकाणी होती, आणि शिक्षकांच्या खोलीत ती कोणीही ओळखली असती. फाइलच्या माहितीत संगणकाच्या मालकाचे नाव राहू शकते, मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, आणि शाळेच्या संगणकाचा किंवा ई-मेल खात्याचा वापर केला तर त्याचा माग राहतो. हे ऐकून त्या घाबरल्या, पण हा धोका पत्र पाठवल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

निनावी आणि गोपनीय तक्रारींतला फरकही बाईंना ठाऊक नव्हता. निनावी तक्रारीत लिहिणारा कोण हे कोणालाच कळत नाही. गोपनीय तक्रारीत ते तपास अधिकाऱ्याला कळते आणि त्याने ते इतरांना सांगायचे नसते. अनेक ठिकाणी निनावी पत्रावर कारवाईच करू नये असा नियम असतो, म्हणून आपल्या विभागाचे नियम वाचल्याखेरीज मार्ग निवडू नये. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून बालसंरक्षण यंत्रणेला ताबडतोब कळवले पाहिजे.

बाईंना सर्वांत जड गेलेला प्रश्न वेगळाच होता. पत्र पोहोचल्यावर मुख्याध्यापक प्रत्येकाला बोलावून विचारतील, तेव्हा काय बोलायचे? आणि संशय दुसऱ्याच कोणावर गेला तर? सभेत नेहमी उघडपणे बोलणाऱ्या एका सहशिक्षकावरच तो जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. आपल्या मौनाची किंमत त्यांनी का मोजावी, या विचाराने त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. पत्र कोणी लिहिले यावर आपण बोलणार नाही, एवढेच प्रत्येक वेळी सांगायचे आणि खोटे बोलायचे नाही, असे उत्तर आम्ही तयार केले. सहशिक्षकाचे काय करायचे, ते ठरवायला त्यांनी वेळ मागून घेतला.

अखेरीस त्या स्वतःच त्या सहशिक्षकाकडे गेल्या आणि त्यांना सारे सांगितले. तेही हजेरीच्या नोंदींमुळे अस्वस्थ होते. दोघांनी मिळून गोपनीय तक्रार केली, अधिकाऱ्याला नावे दिली आणि ती बाहेर जाऊ नयेत अशी लेखी विनंती केली. नोंदवह्या तपासल्या गेल्या आणि दुखापतींची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा आदेश निघाला. मुख्याध्यापक अजून त्याच पदावर आहेत, त्यांची बोलण्याची पद्धतही फारशी बदललेली नाही, आणि रविवारची ती अस्वस्थता कमी झाली असली तरी पूर्ण गेलेली नाही. बाई अधूनमधून भेटायला येतात. बदलीसाठी अर्ज करावा की तिथेच राहावे, यावर सध्या आमचे बोलणे चालू आहे.