मिनी डीव्ही टेपवरच्या जुन्या लग्नाच्या व्हिडिओवर नावं टाकली की अक्षरं थरथरतात आणि माणसांच्या कडेला दात दिसतात, काय करू?

तुमची मिनी डीव्हीची टेप आहे म्हणताय, म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. पण यातली एक फ्रेम म्हणजे एक फोटो नसतो, अर्ध्या रेघा आधी घेतलेल्या आणि मधल्या अर्ध्या रेघा सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. अशा प्रत्येक अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात आणि अशा व्हिडिओला इंटरलेस्ड. तेवढ्यात नवरीचा हार घालणारा हात पुढे सरकलेला असतो, आणि कॉम्प्युटर दोन्ही फील्ड एकदम दाखवतो म्हणून ते कंगव्यासारखे दात.

अक्षरांचं दुखणं वेगळं, आणि आपल्या लिपीला ते जास्तच छळतं. बारीक फॉन्ट घेतला की शिरोरेघ एका पिक्सेलची होते, म्हणजे ती दोनातल्या एकाच फील्डमध्ये असते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा येते आणि २५ वेळा गायब होते. मी पहिल्यांदा चुलतभावाच्या लग्नाची डीव्हीडी केली तेव्हा कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसत होतं, घरच्या डब्बा टीव्हीवर लावली आणि आजी म्हणाली, अरे नवरदेवाचं नाव कुडकुडतंय का? रात्रभर रेंडर केलेलं सगळं परत करावं लागलं.

आता यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवरच टाकायचं असेल तर आधी व्हिडिओ डीइंटरलेस करा, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवा, आणि मगच नावं टाका, उलटं नको, नाहीतर अक्षरंही त्या फिल्टरमधून जातात आणि कडा खराब होतात. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅममधला यादिफ हा डीइंटरलेसचा फिल्टर चालतो, फक्त मोड १ ठेवा म्हणजे ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल तशीच मऊ राहते, मोड ० ठेवलात तर २५च उरतात. आणि डीव्ही हे लोअर फील्ड फर्स्ट असतं, म्हणजे खालच्या रेघांचं फील्ड आधी येतं, बरेच जण सेटिंग अप्पर ठेवतात, मग वरातीत घोडा दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा चालतो. व्हिडिओ मोठा-लहान करायचा असेल तर तेही डीइंटरलेस झाल्यावरच, आधी केलंत तर दोन्ही फील्डची खिचडी होते आणि मग ती कुठल्याच फिल्टरने सुटत नाही.

जुन्या टीव्हीसाठी डीव्हीडीच हवी असेल तर मात्र इंटरलेस्डच ठेवा. फॉन्ट जाड घ्या, शिरोरेघ निदान दोन-तीन पिक्सेलची, आणि टायटलला उभा हलकासा ब्लर द्या, मॉनिटरवर जरा धूसर वाटेल पण टीव्हीवर बरोबर बसतं. शेवटी आमंत्रकांची यादी खालून वर सरकवणार असाल तर फ्रेमला बरोबर ४ रेघा असा वेग ठेवा, फ्रेमला २ ठेवलात तर दोन्ही फील्डमध्ये अक्षरांच्या त्याच त्या रेघा दिसतात, उरलेल्या कधी दिसतच नाहीत. ४ ने एक नाव स्क्रीन पार करायला पावणेसहा सेकंद घेतं, म्हणजे काकांना आपलं नाव निवांत वाचता येतं.

एक राहिलंच, लालभडक 'शुभविवाह' नको. पाल डीव्हीत रंगाची माहिती कमी साठवलेली असते, तशा फाइलमध्ये रेंडर केलंत तर लाल अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. पांढरं किंवा फिकट पिवळं घ्या, भोवती काळी कड द्या. आणि टेपवरून कॅप्चर केलेली मूळ फाइल डिलीट करू नका हां, डीइंटरलेस केलेल्यातून परत मागे जाता येत नाही.