शंखजिऱ्याचा ओटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जुन्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे. लिंबू-चिंच सांडून त्यावर पांढुरके डाग पडले आहेत आणि ते कशानेही निघत नाहीत. नव्या घरासाठी जळगावच्या एका दुकानात सोपस्टोनचा नमुना पाहिला. हात फिरवला तेव्हा तो साबणाच्या वडीसारखा मऊ लागला, त्यामुळे मन कचरले. आमच्याकडे मांडे, भरीत, काळ्या मसाल्याचे वाटण असे सगळे होते. एवढ्या कामाला हा दगड टिकेल का, आणि खरा दगड ओळखायचा कसा?
— एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : तुमची शंका निम्मी रास्त आहे. सोपस्टोनमधले मुख्य खनिज म्हणजे शंखजिरे, ज्याची पूड टाल्कम पावडरीत असते. आणि खनिजांच्या कठिणतेच्या मोहस् मापनात शंखजिऱ्याला सर्वांत खालचा, म्हणजे 1 हा अंक आहे. मात्र दगड निव्वळ शंखजिऱ्याचा क्वचितच असतो. त्यात क्लोराइटसारखी इतर खनिजे जितकी अधिक, तितका तो घट्ट होतो, आणि ओट्याला असाच घट्ट दगड लागतो. कर्नाटकातल्या बेलूर-हळेबीडच्या मंदिरांवरचे दागिन्यांसारखे बारीक कोरीवकाम याच कुळातल्या दगडात बाराव्या शतकात झाले, यावरून त्याचा मऊपणा आणि त्याचा टिकाऊपणा दोन्ही ध्यानात येतील.

कडप्प्यावरच्या डागांचे कारण आधी समजून घ्या. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने लिंबा-चिंचेतले आम्ल त्याला खाते. तो वरून बसलेला मळ नसून दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो, म्हणून तो घासून जात नाही. शंखजिरे आम्लाला दाद देत नाही आणि या दगडात पाणी-तेलही मुरत नाही. परदेशांत शाळा-महाविद्यालयांच्या रसायनशाळांतील टेबले पूर्वी याच दगडाची करीत, ती या गुणांमुळेच. उष्णतेचेही भय नाही. फिनलंडसारख्या थंड देशात घर उबदार ठेवणाऱ्या मोठ्या शेगड्या या दगडाच्या बांधतात. त्यामुळे गॅसवरून उतरवलेले पातेले किंवा तापलेला तवा ओट्यावर थेट ठेवला तरी चालतो. फक्त जिथे दोन तुकडे जोडले आहेत त्या सांध्यावर ठेवू नका, कारण दगड तग धरतो, पण सांधा चिकटवणारे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) उष्णतेने मऊ पडते. शिवाय हा दगड ऊब फार वेळ धरून ठेवतो. पातेले उचलल्यावरही ती जागा बराच वेळ चटका देते, हे घरात लहान मुले असतील तर विसरून चालणार नाही.

आता पारख. आपल्या खानदेशात जमिनीखाली सगळा काळा बेसाल्ट आहे, त्यामुळे सोपस्टोन इथे बाहेरूनच येतो; आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात, उदयपूरच्या परिसरात निघतो. राखाडी रंगाचा कोणताही दगड या नावाने खपवला जाण्याचा धोका असल्याने दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घरी आणा. त्यावर नखाने रेघ ओढा. नखाने सहज पूड निघाली तर तो मूर्तिकाराचा दगड, ओट्याचा नव्हे. मग लोखंडी खिळा ओढा. हलकी रेघ उठायला हवी; काहीच उठली नाही, तर तो ग्रॅनाइटसारखा कठीण दगड आहे, असे समजा. रात्री त्यावर लिंबाची फोड उपडी ठेवून द्या आणि सकाळी धुऊन, वाळवून पाहा. जागा खरखरीत किंवा पांढुरकी झाली, तर तो चुनखडीच्या जातीचा आहे. आणि आरशासारखी चकाकी दाखवून कोणी सोपस्टोन म्हणत असेल, तर सरळ नाही म्हणा, कारण या दगडाला तशी चकाकी येत नाही. त्याचे रूप मंदच असते.

राहिला तुमच्या स्वयंपाकाचा प्रश्न. मांड्यांचे तापलेले खापर या दगडाचे काही बिघडवणार नाही. पाटा मात्र ओट्यावर ठेवायचा असेल, तर खाली गोणपाटाची घडी हवीच, नाहीतर पाट्याच्या बुडाने चरे पडतील. भरताची वांगी ठेचण्याची बडगी जमिनीवरच बरी. विळीचे, डब्यांचे बारीक ओरखडे तरीही उठतील. ते पाहून ज्यांच्या जिवाला चैन पडत नाही, त्यांनी ग्रॅनाइट घ्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो.

प्रश्न : आमच्या मिस्त्रींनी आजवर कडप्पा आणि ग्रॅनाइट हेच बसवले आहेत. सोपस्टोन बसवताना त्यांना काय वेगळे सांगावे लागेल?
— एक वाचक, शहादा

उत्तर : पहिली गोष्ट जाडीची. ग्रॅनाइट 18-20 मिलिमीटर जाडीचा चालतो. सोपस्टोन मात्र शक्यतो 30 मिलिमीटरचा घ्यावा, कारण जाड कडा टवका उडण्याला जास्त तोंड देते. 30 मिलिमीटर जाडीच्या दगडाचे वजन चौरस फुटाला साधारण पावणेआठ किलो भरते, म्हणजे दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचा नुसता वरचा दगडच सुमारे दीडशे किलोंचा होतो. त्यामुळे खालच्या उभ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर असाव्यात आणि त्यांची डोकी एका पातळीत आहेत हे दगड आणण्याआधी पाणसळीने पाहून घ्यावे. मापेही या पट्ट्या उभ्या राहिल्यानंतरच घ्यावीत, नकाशावरून नव्हे.

दगड बसवताना खाली सिमेंटचे गोळे ठेवून वरून ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते. ती इथे घातक आहे, कारण गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि पुढे जड डबा आपटला की नेमका तिथेच तडा जातो. मसाला सलग पसरून घ्यायला सांगा, आणि काम वाळल्यावर ओटा बोटांच्या पेरांनी सगळीकडे वाजवून पाहा. भरीव जागेचा आवाज बद्द येतो, पोकळ जागेचा घुमतो.

सिंक आणि शेगडीसाठी दगड कापला की पुढच्या बाजूला जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी उरते. साऱ्या ओट्यात तीच सर्वांत नाजूक. कापाचे कोपरे काटकोनात न ठेवता गोलाई द्यावी, कारण तडा कोपऱ्यातून सुरू होतो. दगड उचलताना काचेच्या तावदानासारखा उभा धरावा, आडवा नेऊ नये. सांधा सिंकवर किंवा शेगडीजवळ येणार नाही अशी आखणी आधीच करून ठेवावी. पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी खालच्या कपाटांत न शिरता तिथेच ठिबकते.

एक विनंती मनापासून करतो. हा दगड मऊ असल्याने कटर सहज चालतो आणि म्हणूनच मिस्त्री तो घरातच कोरडा कापतात. शंखजिऱ्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडायला सांगा, मोकळ्या जागेत कापू द्या आणि नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच असा आग्रह धरा. मास्क तुम्हीच विकत आणून दिलात तर अधिक चांगले.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी सोपस्टोनचा ओटा केला. शेगडीभोवती तो काळपट पडला आहे, बाकी राखाडी आहे. सगळा सारखा दिसावा म्हणून सासूबाईंनी शेंगदाणा तेलाचा हात फिरवला, तर आता चिकटपणा आणि खवट वास येतो. नळाजवळ बोअरच्या पाण्याचे पांढरे थरही बसले आहेत.
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : सासूबाईंची युक्ती योग्य, तेल तेवढे चुकले. फोडणीचे तेल उडून शेगडीजवळ दगड काळवंडला. ते तेल आत मुरलेले नाही, पृष्ठभागावरच बसले आहे. साऱ्या ओट्याला सारखे तेल लावले की हा फरक मिटतो. पण खाद्यतेल हवेत खवट आणि चिकट होते. त्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरा. त्याला वास नसतो आणि ते खवट होत नाही.

आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने दोन-तीनदा घासून चिकटपणा काढा. पांढरे थर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. त्यांवर लिंबाची फोड चोळून पाच मिनिटांनी धुऊन टाका. कडप्प्याला जे मारक, ते इथे चालते. ओटा रात्रभर कोरडा होऊ द्या. सकाळी सुती फडक्याने पॅराफिनचा पातळ हात फिरवा, अर्धा तास थांबा आणि उरलेले कोरड्या फडक्याने पुसून घ्या. राखाडी दगड डोळ्यांदेखत गडद होत जातो आणि आतल्या पांढऱ्या शिरा वर येतात. पहिले दोन-तीन महिने दर आठ-पंधरा दिवसांनी, पुढे महिन्या-दीड महिन्याने हे करावे लागेल. कंटाळा आला तर तेल अजिबात न लावताही चालते. दगडाचे काही बिघडत नाही, फक्त रंग राखाडी आणि थोडा ठिपकेदार राहतो.

ओरखडा खोल असेल, तर 120 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन फक्त ओरखड्यावर नव्हे, भोवतालच्या वीतभर जागेवर गोल-गोल फिरवा, नाहीतर तिथे खळगा दिसेल. पांढरी पूड निघेल. ती ओल्या फडक्याने टिपून 220 नंबरने पुन्हा घासा. ओरखड्याच्या जागी पांढुरका, कोरडा ठिपका उरेल. त्यावर पॅराफिनचे दोन हात दिले की तो शेजारच्या रंगात मिसळून जातो.

प्रश्न : पितळी हंडा आपटून ओट्याच्या कडेचा टवका उडाला. दगड बदलावा लागेल का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : नाही. सिंकसाठी कापलेला तुकडा घरात असेल तर तो कानशीने घासून पूड काढा, पारदर्शक इपॉक्सीत घट्ट कालवा आणि टवक्याच्या जागी किंचित उंच भरा. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने कडेच्या पातळीत घासून तेल लावा. तुकडा टाकून दिला असेल, तर ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला कानस लावूनही पुरेशी पूड मिळते.