निःशस्त्रीकरण की शस्त्रनियंत्रण?

विचारणा अशी आहे: भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांचा परिचय लिहिताना त्यांच्या उत्तरायुष्यातल्या कामाला 'निःशस्त्रीकरण' म्हणावं की 'शस्त्रनियंत्रण'? दोन्हींचा अर्थ एकच ना?

नाही. 'निःशस्त्रीकरण'मधल्या 'त्री'चा ई हा संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा. आधी नसलेली अवस्था आणणं, हे त्याचं काम. अशुद्ध होतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण. सशस्त्र होतं ते निःशस्त्र केलं की निःशस्त्रीकरण. म्हणजे शस्त्रं जायलाच हवीत. नियंत्रणात ती राहतात, फक्त त्यांची संख्या, चाचण्या, तैनाती यांना करारानं वेसण घातली जाते.

बेथे यांचं बरंचसं काम या दुसऱ्या खात्यातलं. लॉस अलामोसला अणुबॉम्ब प्रकल्पाच्या सैद्धांतिक विभागाचे ते प्रमुख होते. हायड्रोजन बॉम्बला त्यांनी आधी विरोध केला, नंतर त्यावर कामही केलं. १९५८ साली जिनिव्हात चाचणीबंदीवर तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे ते अमेरिकेच्या बाजूनं होते. भूमिगत स्फोटाचा हादरा भूकंपाहून वेगळा ओळखता येतो का, म्हणजे चोरून केलेली चाचणी पकडता येते का, हा तिथला कळीचा प्रश्न. पुढच्याच वर्षी निराळाच पेच आला. जमिनीखाली प्रचंड पोकळी करून तिच्यात बॉम्ब उडवला तर हादरा खूप क्षीण होतो, हा सिद्धांत रशियनांना समजावून सांगायची पाळी बेथे यांच्यावरच आली. चाचणीबंदी हवी असलेल्या माणसानंच पळवाट दाखवायची! १९६३च्या करारानं वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालच्या चाचण्यांवर बंदी आली, भूमिगत मात्र सुटल्या. त्या करारानं एकही बॉम्ब मोडीत काढायला लावला नाही. याला निःशस्त्रीकरण कसं म्हणणार? क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा १९७२चा करारही नियंत्रणाचाच. अशा यंत्रणांविरुद्ध बेथे यांनी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड गार्विन यांच्यासोबत १९६८मध्येच लिहिलं होतं.

पहिला शब्द शोभतो तो १९९५साठी. हिरोशिमाला पन्नास वर्षं झाली तेव्हा बेथे यांनी जाहीर निवेदन काढलं आणि सर्व देशांतल्या शास्त्रज्ञांना नवी अण्वस्त्रं घडवणं, सुधारणं थांबवा म्हणून आवाहन केलं. आता निःशस्त्रीकरणाचं युग आहे, असं तिथे तेच म्हणतात.

तेव्हा परिचयात 'शस्त्रनियंत्रण' लिहा, त्या एका परिच्छेदापुरतं 'निःशस्त्रीकरण'. संख्या घटवणाऱ्या करारांना 'शस्त्रकपात' हा सुटसुटीत शब्द आहेच. आणि विसर्गाच्या जागी कोलन टंकू नका. 'निशस्त्रीकरण' तर नकोच नको.